खळ्यावरची खिडकी

देवाचा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला, आणि तो बाईचा निघाला.

लग्न ठरल्यावर सासुरवाडीला, म्हणजे आनोपेत्राला, मी पहिल्यांदा गेलो त्या दुपारची ही गोष्ट. मी ग्रीसमधल्या पात्रासच्या बंदरात वाढलेला. डोंगरातल्या गावात माणसं आपसांत कशी बोलतात याची मला काही कल्पना नव्हती. लेमोनिया, माझी होणारी बायको, मला गावच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. मोठं गोल अंगण, त्यात पाच-सहा टेबलं, एक झाड. तिच्या मामाने स्वतः केलेल्या चीजची बशी आमच्यापुढे ठेवली आणि तो कॉफी सांगायला आत गेला. मी एक तुकडा तोंडात टाकला, डोळ्यांतलं पाणी परतवलं, लेमोनियाच्या कानाशी वाकलो आणि कुजबुजलो. कुजबुजलो म्हणणंसुद्धा जास्त होईल, नुसता श्वास सोडला. म्हणालो, "हे तुझ्या मामाने बकरीच्या दुधाचं केलंय की बकरीच्या पायमोज्यांचं?"

आणि आभाळातून उत्तर आलं, "जावईबापू, घशात अडकलं असेल तर पाणी प्या. चीजला नावं ठेवू नका."

मी इतक्या झटक्यात उठलो की खुर्ची एकीकडे, टेबल दुसरीकडे आणि मांजर झाडावर. वर पाहिलं. ढग नव्हते. आमच्या पूर्वजांनी टाकून दिलेले बारा देव आणि नंतर धरलेला एक, यांच्यापैकी नेमका कोण रागावला हे कळेना, म्हणून मी छातीवर क्रूस काढला आणि शिवाय आभाळाला वाकून नमस्कारही केला. त्या दिवशी माझे केस पांढरे व्हायला सुरुवात झाली असं मी सगळ्यांना सांगतो. लेमोनियाच्या मते ते आधीच झाले होते.

ती शांतपणे बशीतले ऑलिव्ह खात होती. म्हणाली, "घाबरू नकोस. पोलिक्सेनीमावशी आहे. चीज चांगलंय म्हणून सांग तिला."

"कुठे आहे ती?"

"वर. हळूच सांग, ऐकू जातं."

मी टेबलाखालच्या फरशीला सांगितलं की चीज चांगलं आहे.

"खोटं बोलतोय," वरून निकाल आला, "पण शिकेल."

मग कुठे मला ती खिडकी दिसली. समोरच्या चढाच्या अगदी माथ्यावर, टपालाच्या तिकिटाएवढी, निळ्या झडपांची. तिच्यात काळ्या रुमालाचा एक ठिपका होता आणि तो ठिपका माझ्याकडे बघत होता.

लग्नानंतर मी इथेच राहिलो, म्हणून आता आमचंच म्हणतो. आमचं गाव नाट्यगृहात राहतं. हे ऐकून शहरातले लोक भारावतात. आम्हाला त्यात भारावण्यासारखं काही वाटत नाही, कारण पायऱ्या चढून गुडघे आमचे जातात. फार पूर्वी ग्रीकांनी इथल्या डोंगराच्या पोटात घोड्याच्या नालासारख्या पायऱ्या कापल्या, खाली गोल अंगण राखलं आणि नाटकं केली. मग रोमन आले. त्यांना नाटकात जनावरं लागायची. म्हणून त्यांनी पुढच्या रांगा उपटल्या आणि अंगणाभोवती भिंत घातली, म्हणजे जनावराने प्रतिष्ठित मंडळींना खाऊ नये. पलीकडे खांबांची दोन मजली भिंतही चढवली, म्हणजे प्रेक्षकांची नजर डोंगरदरीकडे जाऊन फुकट जाऊ नये. मग रोमन गेले, भूकंप आला, माती आली, मातीवर गवत आलं, गवतावर शेळ्या आल्या आणि शेळ्यांच्या मागोमाग माझ्या बायकोचे पूर्वज आले. त्यांना आयता पाया मिळाला. वरच्या पायऱ्यांवर त्यांनी घरं बांधली, प्रेक्षकांच्या वाटांना गल्ल्या केलं आणि मधल्या गोलात गहू मळला. म्हणून त्याला आजही सगळे खळंच म्हणतात. गहू गेला आणि तिथे मेनिसचं कॉफीचं दुकान आलं, त्या खांबांच्या रोमन भिंतीच्या उरलेल्या तुकड्याला पाठ टेकून.

फक्त एक गोष्ट तेवढ्या सगळ्यातून टिकली. खळ्यात बोललेलं वर जातं. आणि वर, बरोब्बर मधोमध, पोलिक्सेनीमावशीचं स्वयंपाकघर होतं.

मावशी ऐन तारुण्यात विधवा झालेली, मूलबाळ नाही. चूल खिडकीशी होती. ती सकाळी खिडकी उघडायची ती झोपायच्या वेळी लावायची, आणि मधल्या वेळात गाव तिच्या घरात नांदत असायचं. गुडघ्यांमुळे खाली ती सणाला तेवढी यायची. पण खाली यायची तिला गरजही नव्हती. मेनिसची कॉफी उतू जायच्या बेताला आली की वरून आवाज यायचा, "मेनिस, भांडं." मेनिस गप्पांत रंगलेला असायचा, तसाच पळायचा. मला पटायचं नाही. एकदा विचारलं, "मावशी, इतक्या लांबून कॉफी चढलेली तुम्हाला दिसते?"

"दिसत नाही, ऐकू येते. आणि तो ज्या अर्थी तेलाच्या भावावर आलाय, त्या अर्थी चढलीच असणार."

कोणी खोकलं तर संध्याकाळी शेजारणीच्या हाती डोंगरी चहाची पुडी खाली यायची. कोणाच्या दोन पिढ्यांमागच्या वाटणीवर वाद जुंपला तर निवाडा वरून व्हायचा, आणि तो पटला नाही तर आणखी वर कोणाकडे जायची सोय नव्हती. एक मात्र होतं. ऐकलेलं तिने कधी मागच्या दाराने दुसऱ्याला सांगितलं नाही. जे काय बोलायची ते खिडकीतून, मोठ्याने, ज्याचं त्याला. ते सगळ्या गावाला ऐकू जायचं हा भाग वेगळा.

त्यामुळे आनोपेत्रात गुपित बोलायची एक रीत पडली आहे. दोघांनी तावलीचा पट मांडायचा आणि सोंगट्या ताडताड आपटत, त्या आवाजाखाली बोलायचं. इथली लग्नं अशी ठरतात, जमिनी अशा विकल्या जातात. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो, काय या लोकांना खेळाचं वेड. दोघंजण सोंगट्या न आपटता खेळताना दिसले तर समजावं, हे खरोखरच खेळत आहेत. माझ्या मेहुणीचं लग्न मी आणि तिच्या सासऱ्याने असंच जमवलं. आपटून आपटून पटाला चीर गेली. शेवटी वरून आवाज आला, "आपटा, आपटा. मुलाचं नाव तेवढं कळलंय मला. मुलगा बरा आहे, आईला सांभाळा."

अशा गावात एके दिवशी पुरातत्त्व खात्याच्या रोदान्थीबाई आल्या. वय तिशीचं, डोक्यावर मोठी टोपी, हातात मोजपट्टी. बाई फार चांगल्या होत्या. खळ्याच्या कडेला दोन उन्हाळे खणून त्यांनी रोमनांची जनावरांची भिंत मोकळी केली आणि तिच्या बुडाशी हाडंही शोधली. आम्ही श्वास रोखून सिंहाची वाट पाहत होतो. हाडं रानडुकराची निघाली. रोमनांनी आमच्यासारख्या गावावर सिंह खर्च केला नव्हता. गावचे अध्यक्ष स्पिलिओस यांनी हे मनाला फार लावून घेतलं.

त्यानंतर बाईंनी बेत सांगितला. माथ्यावरच्या मधल्या पायऱ्या मोकळ्या झाल्या की नाट्यगृह पुरं होईल आणि दर उन्हाळ्यात नाटकं करता येतील. त्यासाठी एकच घर जावं लागणार होतं. त्या घराच्या बदल्यात खालच्या सडकेवर, बसथांब्याजवळ, नव्या इमारतीत जागा मिळणार होती. कायद्याने ते घर तसंही घेता आलं असतं, पण रोदान्थीबाई म्हणाल्या, "मी म्हातारीला ओढून बाहेर काढणार नाही. ती हो म्हणाली तर करू, नाहीतर राहिलं."

आता गावाची पंचाईत झाली. नाट्यगृह सगळ्यांना हवं होतं. मावशीचं घर जावं असं कोणालाच वाटत नव्हतं. आणि तिला विचारायला कोणीही तयार नव्हतं. ठरवायचं तर बसून बोलायला हवं. ऑगस्ट महिना, मेनिसच्या पत्र्याखाली आत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. बाहेर बसावं तर खिडकी. आणि रोदान्थीबाईंना तावलीच्या आवाजाखाली ऐकायची सवय नव्हती.

तेव्हा स्पिलिओसना युक्ती सुचली. खांदे उडवत म्हणाले, "त्या भिंतीशी बसू या."

"कुठल्या?" मेनिसने विचारलं.

"खांबांच्या, रोमन. हे बघ, आवाजाची विद्या आपली. ग्रीकांची. म्हणून खळ्यातलं वर जातं. रोमनांचं त्यात काय आहे? त्यांनी डुकरं आणली. डुकराचं म्हणणं कोणाला ऐकायचं होतं?"

"तसं नाही हो, अध्यक्ष," रोदान्थीबाई म्हणाल्या, "त्या भिंतीमुळे उलट..."

"बाई, पायऱ्यांचं तुम्ही सांगा. गावाचं आम्हाला कळतं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. औषधाचं दुकान चालवणारा, रसायनशास्त्र शिकलेला मीही डोलावली. ग्रीक माणसाला रोमनांचं काही कमी आहे हे सांगितलं की त्याचा पुरावा मागायची आमच्यात पद्धत नाही. टेबल उचललं, भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवलं, पाठी भिंतीला लावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर मोकळेपणाने बोललो.

स्पिलिओस म्हणाले, "तिला सांगू या की छप्पर धोक्याचं झालंय."

"छप्पर मी घातलंय," मेनिस म्हणाला.

"म्हणून तर पटेल."

"थट्टा पुरे. मी तिला खोटं सांगणार नाही."

"मग खरं तू सांग. जा."

मेनिस गेला नाही. हातातल्या मण्यांची माळ फिरवत बसला. मेनिसला मावशीने चाळीस वर्षं येताजाता फाडून खाल्लेलं. तो आता सुटकेचा श्वास सोडेल असं मला वाटलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा मी दुकान उघडणार नव्हतो. तुम्ही सगळे आलात, पाठीवर हात ठेवलेत, गेलात. सकाळी उठून काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. ती सांगायची. रोज उजाडलं की वरून, मेनिस, ऊठ. मेनिस, पाणी ठेव. मी पाणी ठेवायचो. वर्षभर. तिला तिथून काढलं तर त्या खिडकीकडे बघून मी काय करू?"

मला नाक ओढावं लागलं, त्याला दोष धुळीचा.

स्पिलिओस बोलले तेव्हा त्यांचा अध्यक्षी आवाज गेलेला होता. "मलाही ती हवीच आहे रे. पण शाळेत पोरं किती उरली ते तुला माहीत आहे. माझीच दोन अथेन्समध्ये आहेत, फोन करतात. म्हणतात, बाबा, तिथे येऊन करायचं काय? नाटकं सुरू झाली तर उन्हाळाभर तरी येतील. नातवाला मी फोनवरच मोठा होताना बघतोय. हे मी मावशीला कोणत्या तोंडाने सांगू?"

ठरलं काहीच नाही. टेबल परत जागेवर ठेवून आम्ही उठलो.

घरी आलो तर लेमोनिया नुकतीच मावशीकडून परतलेली. मावशीचं त्राहाना चाललं होतं, आंबट दुधात गव्हाचा भरडा शिजवून हिवाळ्यासाठी वाळवायचा, ते ढवळायला ती गेली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळे गाढव आहात."

"काय झालं?"

"शब्द न् शब्द. खळ्यातून येतो त्याच्यापेक्षा स्वच्छ. ती भिंत मागून ढकलते आवाज. तुझं नाक ओढलेलंसुद्धा ऐकलं आम्ही."

"मावशी काय म्हणाली?"

"काही नाही. छपराचं ऐकून हसली. मग मेनिस बोलला. मग अध्यक्ष बोलले. ती ढवळत राहिली. त्राहाना खाली लागलं, तरी ढवळत राहिली. मी तिच्या हातातून डाव काढून घेतला तेव्हा म्हणाली, खिडकी लाव गं. ऊन येतंय."

त्या खिडकीला ऊन सकाळचं येतं, आणि तेव्हा दुपार उलटून गेली होती. लेमोनियाने लावली. हे कोणाला सांगायचं माझं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती उघडली नाही. तिसऱ्याही नाही. शेजारीण रोज जाऊन यायची, सांगायची की मावशी ठणठणीत आहे, जेवते, बोलत नाही. इकडे गावाचं कामकाज बंद पडलं. मेनिसची कॉफी रोज उतू गेली. एका साध्या बांधाच्या भांडणाला निवाडाच मिळेना, तेव्हा भांडणारे दोघं कंटाळून समेट करून गेले, आणि हे गावाला फार अशुभ वाटलं. स्पिलिओस खळ्याच्या मधोमध उभे राहून फरशीकडे बघत "मावशी, बरी आहेस ना" असं विचारताना दोघा-तिघांनी पाहिले.

आणि मग एका सकाळी मावशी खाली आली. सण नव्हता, अंत्ययात्रा नव्हती. ती मधल्या जिन्याने, घरच्या सपातांत, एकेक पायरी आडवी उतरत आली. आधाराला धावलेल्यांना तिने हाताने झटकलं. रोमनांनी उपटलेल्या रांगेतली एक संगमरवरी खुर्ची कशीबशी उरली आहे, तीत अध्यक्ष बसतात. मावशी तिच्यासमोर थांबली.

"ऊठ."

स्पिलिओस उठले. मावशी बसली. धाप ओसरल्यावर तिने विचारलं,

"किती पोरं येतील?"

"कुठे, मावशी?"

"उन्हाळ्यात. थिएटर झालं तर."

स्पिलिओसचा चेहरा पडला. "म्हणजे तू ऐकलंस?"

"नाही, स्वप्नात आलं. किती येतील?"

"कसं सांगू? माझी येतील. नातू येईल."

"मला धोक्याचं छप्पर सांगणार होतास. त्यापेक्षा नातवाचं सांगितलं असतंस तर चार दिवस वाचले असते." मग ती रोदान्थीबाईंकडे वळली. "पोरी, त्या सडकेवरच्या घराला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"सडकेच्या बाजूला, मावशी. पण पाणी चोवीस तास. जिना नाही, लिफ्ट आहे."

"सडकेवर बोलतं कोण?"

रोदान्थीबाईंनी खोटं सांगितलं नाही. "तिथे फारसं कोणी थांबत नाही. बस येते तेव्हा थोडे लोक असतात."

मावशीने मान हलवली. "बरं. जाईन मी. पण जायच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी इथे बसायचं. तावली नाही. नेहमीसारखं बोलायचं. मी वरून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. मन भरेपर्यंत ऐकेन आणि दुसऱ्या दिवशी किल्ली देईन."

मेनिस टेबल पुसत होता. तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मावशी म्हणाली, "मेल्या, लाकूड झिजलं. एक कॉफी दे. उतू न गेलेली असेल तर."

ती संध्याकाळ आम्ही सप्टेंबरात धरली. सगळं गाव खळ्यात उतरलं. इस्त्रीचे कपडे, पोरींच्या वेण्या, स्पिलिओसना टाय. वर निळी झडप उघडलेली, काळा ठिपका जागेवर. आणि कोणाला एक अक्षर सुचेना. जन्मभर ऐकू जाऊ नये म्हणून धडपडलेली माणसं, आता ऐकू जायला हवं म्हटल्यावर सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या. कोणीतरी हवा बरी आहे म्हणालं. कोणीतरी हो म्हणालं. मेनिसने उखाणा घेतल्यासारखा तेलाचा भाव सांगितला. मी घसा खाकरून गावाच्या इतिहासाबद्दल एक वाक्य सुरू केलं आणि लेमोनियाने मला कोपर मारलं.

शेवटी वरूनच आलं. "मध्ये बोलणार नाही म्हटलं होतं, पण हे काय चाललंय? मयताला आलात का? भांडा की."

मग लेमोनियाचा मामा मेनिसला म्हणाला, "तू माझं चीज पाण्यात ठेवतोस म्हणून ते वास मारतं."

"मी ठेवतो? ते जन्मतःच मारतं."

"माझ्या बकऱ्यांना नाव ठेवू नकोस."

"बकऱ्यांना कोण ठेवतंय? तुझ्या हातांना ठेवतोय."

स्पिलिओस मध्ये पडले, ते पडायला नको होतं, कारण त्यांच्या वडिलांनी मामाच्या वडिलांची ऑलिव्हची रांग कशी हडपली ते लगेच निघालं. मग बायका उतरल्या. मग ज्यांचा काही संबंध नव्हता ते उतरले, म्हणजे मी. रोदान्थीबाई दोन्ही बाजूंना शांत करायला गेल्या आणि पाच मिनिटांत त्याही एका बाजूला बोलत होत्या. अंधार पडायला लागला, मेनिसने दिवे लावले, त्सिपुरोच्या दारूचे पेले फिरले, तरी भांडण थांबेना, आणि मधूनमधून प्रत्येकजण भांडता भांडता वर बघून घेत होता. मावशीने शब्द पाळला. ती पुन्हा एकदाही बोलली नाही. फक्त ती हसली तेव्हा, आणि ती बऱ्याचदा हसली, ते आम्हाला खाली ऐकू आलं. खालचं वर जातं हे सगळ्यांना माहीत होतं. वरचं नुसतं हसणंही इतकं स्वच्छ खाली येतं हे त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने किल्ली दिली. सामान दोन खेपांत गेलं. सडकेवरच्या जागेत ती आता बरी आहे. मेनिस रोज सकाळी थर्मासमधून कॉफी घेऊन खाली जातो आणि ती थंड झाल्याबद्दल बोलणी खाऊन परत येतो. तिच्या खिडकीला दुहेरी काच आहे.

घर हिवाळ्यात पाडलं. वसंतात रोदान्थीबाईंनी तिथे खणलं. खाली पायऱ्या नव्हत्या. त्या मधल्या तुकड्यातल्या पायऱ्या ना ग्रीकांनी पुऱ्या केल्या होत्या, ना रोमनांनी. नुसता खडक होता. नाटकाला परवानगी अजून आलेली नाही, आणि त्या जागेवर सध्या खात्याच्या कामगारांचा संडास आहे.